तपकिरी पिशवी

तार्तू, फेब्रुवारी. खिडकीखाली एमायोगी नदी
बर्फ धरून गप्प.
सात नंबरच्या खाटेवर वाल्दुर,
मुहू बेटावरचा, मासे धुरवणारा.
मांडीच्या शिरेतून तार चढवून
काल त्याच्या हृदयाला आतून डाग दिले.
एकोणसत्तर. यंत्राने मोजले,
मी लिहून घेतले.

तीन वर्षं त्याची नाडी
बादलीतल्या जिवंत माशासारखी उसळायची.
आता ठोका सरळ पडतो.
पण अंगात कणकण, काटा अडतीसला टेकलेला,
श्वास खोल घेतला की बरगडीमागे टोचतं,
आणि रक्तातला दाहाचा आकडा
कालच्यापेक्षा चौपट.
"म्हणजे आगीतून फुफाट्यात," तो म्हणतो.
मी म्हणते, होतं असं, आतून भाजलंय ना.
मग तोच मला समजावतो:
"धुराची भट्टी पाहिलीस कधी?
लाकूड विझवलं तरी विटा
दुसऱ्या दुपारपर्यंत हात लावू देत नाहीत.
घाईने दार उघडलं
तर मासा फाटतो."

म्हणून ही पिशवी.
उजेड लागू नये म्हणून तपकिरी झबलं घातलेली,
नळीसुद्धा तपकिरी.
आत क जीवनसत्त्व आहे
किंवा नुसतं मिठाचं पाणी.
मला ठाऊक नाही, डॉक्टर लुइगेंना ठाऊक नाही,
ठाऊक आहे तळघरातल्या एका कुलूपबंद कपाटाला.

वाल्दुर थेंबांकडे बघत जीभ टाळूला लावतो.
"आंबट लागतंय. मला खरं मिळालं."
दुसऱ्या दिवशी: "छे, हे समुद्राचं पाणी.
साठ वर्षं ओळखतो मी त्याला."
मी वहीत लिहीत नाही.
वहीत त्याला रकाना नाही.

तिसऱ्या संध्याकाळी लेइदा आली,
आधी फेरीबोट, मग दोन बस.
टोपलीत थर्मास:
रानगुलाबाच्या फळांचा काढा,
पहिल्या गारठ्यानंतर कुंपणाकडेने तोडलेली फळं.
मनगटांवर काट्यांचे ओरखडे
अजून पांढरे होते.
"तुमच्या पिशवीत जे आहे ते ह्याच्यातही आहे," ती म्हणाली,
"आणि ह्याच्यात काय आहे ते मला माहीत आहे."

मी नाही म्हटलं.
सहीचा कागद दाखवला, पान चौथं:
बाहेरचं काही चालणार नाही,
नाहीतर कशाने उतरलं ते कळणार नाही.
"उतरलं तर कळून काय करायचंय?"

उत्तर होतं माझ्यापाशी:
ह्यानंतर सात नंबरवर जो येईल, त्याच्यासाठी.
बरोबर उत्तर. तिच्या मनगटांसमोर
जरा लहान वाटलं,
म्हणून मोठ्याने बोलले.
वाल्दुर भिंतीकडे बघत म्हणाला,
"लेइदा, सही मी केलीय."

तिने बूच घट्ट आवळलं.
थर्मास माझ्या टेबलावर आणून ठेवला.
"तुझी तर सही नाही ना कुठे?"
आणि परत जाऊन खुर्चीत बसली
शेवटची बस निघून जाईपर्यंत, आणि नंतरही.

पहाटे ताप सदतीसच्या खाली.
आकडा निम्म्यावर.
पिशवीने उतरला,
की विटा आपल्या आपण निवत होत्या,
की उशाशी कुणी घोरत होतं म्हणून.
रकान्यात मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, आकडा लिहिला.

पाळी संपली. पाय सुजले होते.
थर्मास अजून कोमट.
दोन घोट घेतले उभ्यानेच:
आंबट, मातकट,
गाळूनही राहिलेली फळातली बारीक कूस
घशाला लागली, खोकला आला.
खाली नदीच्या बर्फाला भोक पाडून
एक म्हातारा गळ टाकून बसला होता.
तिसरा घोट घेतला.
मी कुठल्याच गटात नव्हते.